तेल भरायला उतरलेलं विमान

बुलडाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्याहून अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांचे थांबे मोजायला बसलं, तर विमानात पाय ठेवण्याआधीच चार-पाच होतात. आधी एसटी, मग शेगाव, शेगावहून मुंबईची गाडी, पहाटे कल्याण किंवा दादर, तिथून टॅक्सीनं सहारचा विमानतळ. एवढी दगदग झाल्यावर तिकडून लेकीचा फोन येतो, "बाबा, आता काही टेन्शन नाही. एकदा बसलात की थेट न्यूयॉर्क."

लेक म्हणते ते खरं आहे, पण अलीकडचं आहे आणि फारसं पक्कंही नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला वाटेत कुठंही न उतरता जाणारं एअर इंडियाचं विमान १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालं. त्याआधी जवळपास साठ वर्षं भारतातून पश्चिमेकडे जाणारं विमान कुठं ना कुठं तेल भरायला उतरतच होतं. २०१९ मध्ये ते पुन्हा उतरू लागलं, २०२५ मध्ये पुन्हा. या दोन्ही वेळी विमानाची टाकी तेवढीच होती आणि इंजिनंही तीच. बदलला होता तो नकाशा.

सुरुवात मात्र टाकीपासूनच झाली, आणि तीही फार लहान टाकीपासून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं एक इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले. लंडनहून इम्पीरियल एअरवेजनं कराचीपर्यंत आणलेली टपाल मुंबईला पोचवायची होती. लंडन-कराची ही सेवा १९२९ पासून चालू होती, पण पुढचा हिंदुस्थान आगगाडीच्या भरवशावर होता. कराची ते जुहू हे अंतर पस मॉथला एका दमात झेपणारं नव्हतं, म्हणून टाटा अहमदाबादला उतरले. तिथं बर्मा शेल कंपनीचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं, आणि ते डबे आले बैलगाडीतून. डबे विमानात रिकामे झाले आणि टाटा दुपारी जुहूच्या चिखलमातीच्या मैदानावर उतरले. तिथून टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. त्यांनाही रात्री बल्लारीला मुक्काम करावा लागला.

त्या काळी थांबा म्हणजे अडचण असं कुणाला वाटतच नव्हतं. थांब्यांच्या मणक्यांवरच सगळा मार्ग उभा असे. लंडनहून येणारं विमान गाझा, बगदाद, बसरा, बुशायर, जास्क, ग्वादर असं उडत-उतरत कराचीला पोचायचं. पुढं इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं आली, तेव्हा राजस्थानातला राजसमंद तलावसुद्धा या आंतरखंडीय मार्गावरचं तेल भरण्याचं ठिकाण झाला. मेवाडच्या राण्यानं सतराव्या शतकात बांधलेल्या तलावावर लंडनहून आलेलं विमान उतरून तेल घेतंय, हे दृश्य बघायला मला फार आवडलं असतं.

८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, नाव 'मलबार प्रिन्सेस', कॅप्टन के. आर. गझदर, प्रवासी ३५. वाटेत दोन थांबे, कैरो आणि जिनिव्हा. सेवा आठवड्यातून एकदा. चार पंख्यांचं हे विमान त्या काळात अतिशय देखणं मानलं जाई, पण मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर प्रवासी आणि सामान भरून एका दमात कापणं हा त्याचा धंदा नव्हता. कैरो हे साधारण ४,३०० किलोमीटरवर पडतं. तिथं उतरायचं, तेल घ्यायचं, प्रवाशांनी पाय मोकळे करायचे, काहींनी उतरायचं, काहींनी चढायचं. थांबा परवडायचा तो यामुळंही. तेलासाठी उतरलेलं विमान तिकिटंही विकायचं.

अटलांटिकच्या दोन काठांवर तर अशा थांब्यांनी गावंच वसवली. आयर्लंडमधलं शॅनन आणि न्यूफाउंडलंडमधलं गँडर या दोन विमानतळांना महत्त्व आलं ते एवढ्याचसाठी, की समुद्र ओलांडण्याआधीची शेवटची आणि ओलांडल्यानंतरची पहिली जमीन तिथं होती. तेल भरेपर्यंत प्रवासी ताटकळतात आणि त्यांच्या खिशात पैसे असतात, हे शॅननच्या ब्रेंडन ओरेगन यांनी ओळखलं आणि १९४७ मध्ये तिथं करमुक्त दुकान काढलं. जगातल्या प्रत्येक विमानतळावरचं ड्यूटी फ्री हे त्या दुकानाचं वंशज आहे. सहारला उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्याआधी जी चॉकलेटं आणि बाटल्या दिसतात, त्यांचं मूळ अशा तेलाच्या थांब्यात आहे.

थोडं आपल्या विदर्भाकडं वळतो. एअर इंडिया लंडनला जाऊ लागल्यावर काही महिन्यांतच, ३० जानेवारी १९४९ पासून, नागपूरला रात्रीच्या टपाल विमानांचा संगम सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या तळावर भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत आपापल्या गावी. हा थांबा तेलासाठी नव्हता, नागपूर देशाच्या मधोमध आहे म्हणून होता. त्याच कारणानं आजही मस्कत-ढाका किंवा ढाका-दुबई असं परक्या देशांमध्ये ये-जा करणारं विमान अडचणीत आलं की नागपूरला उतरतं. ऑगस्ट २०२१ मध्ये बिमान बांगलादेशच्या मस्कतहून ढाक्याला निघालेल्या विमानाच्या कॅप्टनला हवेतच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सहवैमानिकानं विमान नागपूरलाच उतरवलं होतं.

परत मोठ्या मार्गाकडं. १९६० मध्ये एअर इंडियाकडं बोईंग ७०७ ही जेट विमानं आली आणि त्याच वर्षी १४ मे रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, अर्थात लंडनमार्गे. जेट आलं म्हणजे थांबे गेले असं झालं नाही. वेग दुप्पट झाला, पण जेट इंजिनाची तहानही दांडगी होती. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर आदळून ११७ जणांचा बळी घेणारं आणि डॉ. होमी भाभांना आपल्यातून नेणारं 'कांचनजंगा' हे ७०७ मुंबईहून निघून दिल्ली आणि बैरुत इथं थांबून जिनिव्हाच्या थांब्यासाठी खाली येत होतं. पुढं त्याला लंडन आणि न्यूयॉर्क गाठायचं होतं. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये 'मलबार प्रिन्सेस'ही त्याच डोंगरावर पडलं होतं, तेही जिनिव्हाच्याच वाटेवर. विमानाचा सर्वांत जोखमीचा वेळ चढण्या-उतरण्याचा. प्रत्येक थांबा ती जोखीम एकेकदा वाढवतो, हा हिशेब वेळापत्रकात कुठं छापलेला नसतो.

आपण बाहेर जाताना दुसऱ्यांच्या गावात उतरायचो, तसं दुसरेही आपल्याकडं उतरायचे. जपान एअरलाइन्सचं ४७२ क्रमांकाचं विमान १९७२ मध्ये लंडनहून टोकियोला जाताना फ्रँकफर्ट, रोम, बैरुत, तेहरान, मुंबई, बँकॉक आणि हाँगकाँग इतक्या ठिकाणी उतरत असे. सात थांबे! आपली लाल डबा एसटीसुद्धा लाजेल. त्या वर्षी २४ सप्टेंबरच्या सकाळी हे डीसी-८ विमान मुंबईला आलं. पश्चिमेकडून, समुद्रावरून सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाकडं येताना आधी जुहूची धावपट्टी लागते. दोन्ही पट्ट्या जवळपास एकाच दिशेनं आखलेल्या, एकमेकींपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर. वैमानिकांना जुहू म्हणजेच सांताक्रूझ वाटलं आणि त्यांनी ते अवाढव्य जेट छोट्या विमानांसाठी ठेवलेल्या, सव्वा किलोमीटरही नसलेल्या पट्टीवर उतरवलं. पट्टी संपली, विमान पुढं जाऊन खड्ड्यात पडलं आणि कायमचं निकामी झालं. जीव मात्र कुणाचा गेला नाही. गंमत म्हणजे जुहूनं हे आधीही पाहिलं होतं. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट असंच चुकून तिथं उतरलं होतं. ते नऊ दिवसांनी पुन्हा उडवून नेता आलं.

पाच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९७७ रोजी, त्याच ४७२ क्रमांकाचं पॅरिसहून टोकियोला निघालेलं विमान मुंबईचा थांबा घेऊन उडालं आणि जपानी रेड आर्मीच्या लोकांनी ते पळवून ढाक्याला नेलं. थांब्याच्या ठिकाणी नवी माणसं चढतात, आणि ती कोण आहेत हे आधीच्या गावाला ठाऊक नसतं.

आता प्रश्न असा, की टाकी मोठी करून हे थांबे आधीच का टाळले नाहीत? उत्तर बैलगाडीवाल्याला विचारा. लांबच्या बाजाराला निघालेला शेतकरी बैलांसाठी कडबा गाडीतच घेतो. बाजार जितका दूर तितका कडबा जास्त, आणि तो कडबा ओढण्यासाठी बैलांना आणखी कडबा. एका अंतरानंतर गाडीत कडबाच कडबा आणि विकायच्या मालाला जागा नाही, अशी वेळ येते. विमानाचं तंतोतंत हेच होतं. अंदाजानं सांगायचं तर जादा घेतलेल्या इंधनाच्या वजनाचा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा भाग दर तासाला केवळ ते वजन वाहण्यातच जळतो. म्हणजे पंधरा तासांच्या प्रवासाच्या शेवटी लागणारं एक टन इंधन सुरुवातीपासून वाहून न्यायचं, तर त्यातलं चारशे किलोच्या आसपास वाटेतच संपतं.

मुंबई-न्यूयॉर्क थेट सुरू झालं ते बोईंग ७७७-२०० एलआर या विमानामुळं. त्याचे आकडे बोलके आहेत. त्याच्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, म्हणजे वजनानं सुमारे १४५ टन. रिकाम्या विमानाचं वजनही सुमारे १४५ टनच. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन ३४७ टनांच्या वर गेलेलं चालत नाही. वजाबाकी करा. टाक्या तोंडोतोंड भरल्या तर माणसं, बॅगा, जेवणाच्या ट्रॉल्या आणि माल मिळून ५७ टन उरतात. आपण विमानात बसतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण रॉकेलाच्या एका नातेवाइकाने भरलेल्या उडत्या टाकीवर बसलेलो असतो.

आणि एक गंमत. हे विमान उडताना ३४७ टनांचं असू शकतं, पण उतरताना त्याचं वजन २२३ टनांच्या आत असावं लागतं. चाकं आणि सांगाडा यांची उतरण्याच्या धक्क्यासाठीची मर्यादा तेवढीच. म्हणून निघाल्यावर लगेच परत फिरायची वेळ आली, तर वैमानिक पंखांतून इंधन हवेत सोडतात किंवा घिरट्या घालून जाळतात.

अंतराएवढंच महत्त्व वाऱ्याला आहे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. म्हणून अमेरिकेला जाणं लांबतं आणि येणं आटपतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरचं १५,३०० झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीवर होता. लांबची वाट जवळची पडली, आणि तेही तेल न भरता.

तर अशी दहा-बारा वर्षं थेट प्रवासाची चटक लागली आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, भारताच्या बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं. आपल्याकडून युरोप-अमेरिकेला जाणारी सरळ वाट पाकिस्तानवरूनच जाते. ती बंद झाल्यावर विमानांना दक्षिणेला अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. युरोपला जाणाऱ्यांचा वेळ वाढला, एवढ्यावर भागलं. अमेरिकेला जाणारी विमानं मात्र आधीच कडेला होती. त्यांच्या टाकीत त्या वळशाची सोय नव्हती. मग दिल्लीहून निघालेली विमानं शारजा आणि व्हिएन्ना इथं उतरून तेल घेऊ लागली. मुंबई-न्यूयॉर्क तर बंदच झालं. आकाश १६ जुलैला उघडलं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा तोटा झाल्याचं सरकारनं राज्यसभेत सांगितलं.

सहा वर्षांनी तेच नाटक पुन्हा, फक्त पडदा लवकर पडेना. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि व्हिएन्ना पुन्हा वेळापत्रकात आलं, जोडीला कोपनहेगन. हे असंच वर्षभर चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा खड्डा पडेल, असा एअर इंडियाचा अंदाज होता. त्यात १३ जूनला इराणचं आकाश बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून माघारी मुंबईला आलं आणि लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला जाऊन थांबलं. पाऊणशे वर्षांपूर्वी कैरो आणि जिनिव्हा होते. आता व्हिएन्ना आणि कोपनहेगन. पूर्वीचे थांबे इंजिनिअरनं ठरवले होते, आताचे परराष्ट्र खात्यांच्या भांडणांनी ठरवले. माझ्या मते एवढाच काय तो पाऊण शतकातला फरक.

याच दिवसांतली एक गोष्ट आपल्या जिल्ह्याला चाटून जाते. जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं एअर इंडियाचं विमान कोलकात्याला थांबून पुढं येत होतं. पृथ्वीच्या गोलावर कोलकाता ते मुंबई सरळ दोरी ताणली, तर ती बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून, मेहकर आणि लोणारच्या मधून जाते. प्रत्यक्षातला हवाई मार्ग त्या दिवशीच्या वाहतुकीप्रमाणं इकडं-तिकडं सरकतो, पण त्यात सोनाळ्याचं एखादं म्हातारं जोडपं असेल, तर विमान मुंबईला पोचण्याआधी त्यांच्याच जिल्ह्यावरून गेलं असण्याची शक्यता बरीच. मग तिथून पुन्हा विदर्भाकडं उलट प्रवास!

अशा थांब्यावर नेमकं काय होतं, ते आत बसलेल्याला कळत नाही. विमान इमारतीपासून लांब उभं राहतं. प्रवाशांना उतरवत नाहीत, कारण उतरवलं की व्हिसा, सुरक्षा तपासणी, पुन्हा मोजदाद असं सगळं ओघानं येतं. खाली एक तर टँकर येतो, ज्याला विमानतळावर बाउझर म्हणतात, नाहीतर जमिनीखालच्या नळाला जोडणारी हायड्रंटची गाडी. पाइप लावण्याआधी गाडी आणि विमान एका तारेनं जोडतात, म्हणजे घर्षणानं साठलेल्या विजेची ठिणगी पडत नाही. काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून डोळ्यांसमोर धरतात. ते स्वच्छ, चमकदार दिसलं पाहिजे. पाण्याचा अंश ओळखायला एक पिवळी चकती असते, पाणी असलं की तिचा रंग हिरवट होतो. दहा किलोमीटर उंचीवरच्या थंडीत पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फ गाळणीत अडकतो, म्हणून एवढी काळजी. मग पंखाखालच्या तोंडाला जाड पाइप बसतो आणि मिनिटाला हजारेक लिटरच्या वेगानं तेल चढू लागतं.

त्या वेळी केबिनमध्ये एक उलटी सूचना ऐकू येते. एरवी पट्टा बांधा म्हणून मागं लागणारे कर्मचारी सांगतात, पट्टे सोडून ठेवा. प्रवासी आत असताना तेल भरायचं, तर आग लागल्यास सगळ्यांना झटकन बाहेर पडता आलं पाहिजे. दारं मोकळी, वाटेत बॅग नाही, स्वच्छतागृहात फार वेळ कुणी नाही.

तेल तासाभरात भरून होतं. खरी अडचण माणसांची असते. वैमानिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी सलग किती तास काम करायचं यावर कायद्याची मर्यादा आहे. वळसा आणि थांबा मिळून प्रवास वीस तासांच्या आसपास गेला, की निघालेला चमू पोचायच्या आतच आपले तास संपवतो. म्हणून व्हिएन्नाला नुसतं तेल नव्हे, ताज्या दमाचा दुसरा चमूही तयार ठेवावा लागतो. त्यांची हॉटेलं, त्यांचा भत्ता, त्यांना तिथवर नेणारी विमानं, विमानतळाचं भाडं, उतरण्याची फी. तोटा होतो तो बहुतेक इथं. नुसत्या इंधनाचा विचार केला, तर लांबचा प्रवास दोन तुकड्यांत करणं कधी कधी स्वस्तही पडतं. मालवाहू विमानं म्हणूनच आजही अलास्कातल्या अँकरेजला मुद्दाम उतरतात. खोक्यांना घाई नसते आणि त्यांचे गुडघेही दुखत नाहीत.

दिल्ली-वॉशिंग्टनचं गणित शेवटी जमलंच नाही. विमानांची दुरुस्ती-नूतनीकरण चालू असल्यामुळं विमानं कमी आणि वर वळसा, म्हणून एअर इंडियानं ती सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली. प्रवाशांना न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोला उतरून दुसऱ्या कंपनीच्या विमानानं पुढं जाण्याची सोय दिली गेली. व्हिएन्नाला निदान आपल्या जागेवर बसून राहता यायचं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन करायचं, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या आणि पुन्हा पुढच्या विमानाला द्यायच्या. लोणच्याच्या बरणीबद्दलचे प्रश्नही तिथंच विचारले जातात.